देशावरच्या डोंगराळ गायरानाची माती: ओळख, दुरुस्ती आणि राखण

पारनेर, माण, खटाव, पुरंदर, संगमनेर या पट्ट्यातल्या बहुतेक गावांना एकतरी डोंगर असतो आणि त्या डोंगराच्या कुशीत गावाचे गायरान असते. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही पंधरा-वीस सरींत उरकलेला, आणि त्याच उतारावर गावातली गुरे, शेळ्या आणि वाटेवरचे मेंढरांचे कळप. अशा जमिनीची सुधारणा करायची म्हटले की पाणी अडवणारे चर खणायला पहिला फोन खोदयंत्रवाल्याला जातो. तो फोन सहा महिन्यांनी करावा, असे माझे मत आहे आणि हा लेख आधी त्या सहा महिन्यांत आणि मग पुढे काय करायचे यासाठी आहे. डोंगर ही एकसंध जमीन नसते. तिच्या पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीवरची माती वेगळी असते, आणि एका पायरीचा उपाय दुसरीवर केला तर पैसाही जातो आणि मातीही.

आधी जमीन कोणाची ते पाहा

सातबाऱ्यावर गायरान अशी नोंद असली तर ती जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली असते. तिच्यावर काम करायचे तर ग्रामसभेचा ठराव हवा. वरचा निम्मा डोंगर अनेकदा वनखात्याचा असतो आणि तिथे त्यांच्या परवानगीशिवाय एक टोपली मातीही हलवता येत नाही. गावनकाशा घेऊन तलाठ्याबरोबर हद्दीचे दगड एकदा पायी फिरून पाहावेत, कारण आपण ज्याला गायरान समजतो त्यातला तुकडा कोणाच्या तरी खाजगी पडीचा निघतो आणि भांडण चर खणून झाल्यावर उभे राहते.

पायऱ्या वाचणे

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. समोरचा कुठलाही डोंगर लांबून पाहिला की हे नाव का पडले ते कळते: उभा कडा, मग सपाटशी माची, पुन्हा कडा, पुन्हा माची. ज्या थरात घट्ट काळा पाषाण आहे तिथे कडा उभा राहतो. ज्या थरात वायूच्या बुडबुड्यांची भोके राहिली आणि पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली, तो मांजऱ्या खडक लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे उतार सौम्य होतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा चिकणमातीचा पट्टा दिसतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी या पट्ट्यावर येऊन थांबते आणि आडवे सरकत डोंगराच्या अंगाला बाहेर पडते. गावातल्या जुन्या गुराख्याला विचारा, ‘चैतापर्यंत ओल कुठं ऱ्हाती?’ तो जी जागा दाखवील ती बहुतेक वेळा अशा पट्ट्याच्या किंवा घट्ट खडकाच्या माथ्यावरच असते.

गायरानाचे आपल्या कामापुरते पाच भाग करता येतात. सर्वांत वर माथा किंवा सडा, जिथे खडकावर वीतभरही माती नसते. त्याखाली कडा, ज्याला आपण हात लावायचा नाही. कड्याच्या पायाशी पडलेल्या दगडमातीचा तीव्र उतार. त्याखाली माची आणि तिच्या पुढचा लांब, सौम्य उतार. शेवटी पायथा, जिथे वरून वाहून आलेली काळी माती साठलेली असते. वरून खाली येताना मातीची खोली वाढत जाते, रंग तांबूस-करडा होता तो काळा होत जातो आणि चुनखडीचे खडे दिसू लागतात.

एका कोऱ्या कागदावर डोंगराचे समोरून चित्र काढून हे पाच पट्टे आखावेत. कलाकारी नको, पण प्रत्येक पट्ट्यात पाऊलवाटा, ओहोळ, ओलीच्या जागा आणि गुरे बसण्याची झाडे दाखवलेली असावीत.

पहार, डबा आणि पाणसळ

मातीची खोली पाहण्यासाठी पहारीइतके चांगले हत्यार नाही. प्रत्येक पट्ट्यात वीस-पंचवीस पावलांवर पहार मारत जावे. मातीत ती ‘धप्प’ असा बसका आवाज करते, मुरमात ‘खर्र’ करते आणि पाषाणावर खणकन वाजून हाताला झिणझिण्या आणते. किती सेंटिमीटरवर आवाज बदलला ते कागदावर लिहावे. नंतर प्रत्येक पट्ट्यात एक हातभर रुंदीचा खड्डा घेऊन आतली बाजू नीट पाहावी. गवताची मुळे कुठवर गेली आहेत आणि कुठे आडवी वळली आहेत ते तिथे दिसते. बऱ्याच चराऊ उतारांवर पाच-सात सेंटिमीटरखाली एक घट्ट थर आढळतो आणि मुळे तिथून काटकोनात वळतात. तो खडक नव्हे. ओल्या मातीवर वर्षानुवर्षे पडलेल्या खुरांनी तो थर दाबून तयार केलेला असतो.

दुसरी परीक्षा पाणी मुरण्याची. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार-पाच सेंटिमीटर ठोकावा, त्यात तांब्याभर पाणी ओतून ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. हीच परीक्षा लगेच शेजारी, गुरे न पोचलेल्या निवडुंगाच्या किंवा बोरीच्या जाळीत करावी. माती तीच, उतार तोच, पण पाणी जिरायच्या वेळेत पडणारा फरक पाहिला की खोदकामाची घाई आपोआप कमी होते. ग्रामसभेत तासभर भाषण करण्यापेक्षा चार माणसांना हे दोन डबे दाखवणे जास्त उपयोगी पडते.

उतार मोजायला पाणसळ, म्हणजे दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक पाणीनळी पुरते. काठ्या दहा मीटर अंतरावर धरून दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळ्यांचे फरक सेंटिमीटरमध्ये वाचले आणि त्याला दहाने भागले की उताराची टक्केवारी मिळते. फरक १२० सेंटिमीटर आला तर उतार १२ टक्के.

प्रयोगशाळेत माती पाठवायची असेल तर पट्ट्यागणिक वेगळा नमुना पाठवावा. माथ्याची आणि पायथ्याची माती एकाच पिशवीत मिसळली तर येणारे उत्तर डोंगरावरच्या कुठल्याच जागेला लागू पडत नाही. चुनखडी आहे का एवढेच पाहायचे असेल तर मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत. फसफस झाली तर आहे.

गवत आणि झुडपे काय सांगतात

शेडा, पवन्या आणि डोंगरी ही बहुवार्षिक गवते उतारावर झुपक्याने उभी असतील तर जमीन अजून शाबूत आहे. पायथ्याच्या जड मातीत मारवेल असेल तर फारच उत्तम. चराई वाढत गेली की आधी ही चवदार गवते जातात आणि कुसळी माजते, कारण तिच्या कुसळांमुळे जनावर तिला पावसाळा सरता सरता तोंड लावत नाही. त्याहीपुढे जमीन खालावली की झुपके नाहीसे होऊन एका पावसापुरते उगवणारे बारीक गवत राहते आणि वर तरवड, उन्हाळी, रुई अशी जनावरे टाळतात ती झाडे दिसू लागतात. तरवडाची पिवळी फुले दिवाळीच्या सुमारास छान दिसतात खरी, पण उतारभर तरवडच असेल तर ते कौतुकाचे लक्षण नव्हे.

झाडोऱ्याचे मोजमाप करायला एक सोपी रीत आहे. पट्ट्यातून सरळ रेषेत शंभर पावले चालावे आणि प्रत्येक पावलाला चपलेच्या टोकाखाली काय आले ते नोंदवावे: बहुवार्षिक गवत, इतर गवत, दगड की उघडी माती. उघडी माती चाळीसच्या वर गेली तर त्या पट्ट्याला विश्रांतीची सर्वांत आधी गरज आहे. चाळीस हा आकडा मी अनुभवाने धरलेला आहे. तुमच्या डोंगरावर तो थोडा मागेपुढे होईल.

पहिला उपाय: खूर थांबवणे

राळेगणसिद्धीत १९७५ नंतर आणि हिवरे बाजारात १९८९ नंतर पाणी अडवून मुरवण्याचे जे काम घडले त्याची चर्चा बंधाऱ्यांच्या आणि चरांच्या अंगाने फार होते. पण त्या दोन्ही गावांच्या नियमांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती. चर हे दृश्य काम आहे, त्याचे फोटो निघतात. चराईबंदीचा फोटो निघत नाही.

साधा हिशोब करून पाहू. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. दोन ओळींमध्ये दहा मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी हजार मीटर चर बसतो, म्हणजे चर एकदा भरले की १ लाख ८० हजार लिटर. ५० मिलिमीटरची एक दणकेबाज सर हेक्टरी ५ लाख लिटर पाणी ओतते. उरलेले पाणी मुरवायचे काम मातीनेच करायचे असते, आणि खुराने दाबलेल्या, उघड्या मातीला ते जमत नाही. शिवाय गवत नसलेल्या उतारावरचे चर दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरून जातात.

म्हणून पहिल्या वर्षी गायरानाचा निम्मा भाग मृगापासून पूर्ण बंद ठेवावा आणि गवत कापून नेण्याची मुभा द्यावी. सगळे गायरान एकदम बंद करू नये, कारण ज्यांच्याकडे दोन शेळ्यांपलीकडे काही नाही अशा घरांवर पहिला घाव बसतो आणि ती माणसे रात्री जनावरे सोडतात. त्यांची चूक नसते. कापणीचा पहिला हक्क अशा घरांना द्यावा, म्हणजे राखण तेच करतात. मेंढपाळांशीही आधी बोलावे. फलटण, माण भागातले अनेक धनगर कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेसाठी एक पट्टा मोकळा सोडला आणि पायथ्याच्या शेतात मेंढ्या बसवायची सोय केली तर खतही मिळते आणि कटकटही टळते.

चर कुठे आणि कसा

आता खोदकाम. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला लांब चर, हा माचीचा आणि तिच्या पुढच्या सौम्य उताराचा उपाय आहे. ३३ टक्क्यांहून तीव्र उतारावर, कड्याखालच्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर आणि माथ्यावरच्या सड्यावर तो घेऊ नये. माथ्यावर खोदून हाती फक्त कपच्या येतात आणि शेकडो वर्षांत साठलेली वीतभर माती उलटीपालटी होते. ढिगाऱ्याच्या उताराचे कारण वेगळे आहे. तिथे पाणी मुरवणे म्हणजे सैल मातीचे वजन वाढवणे. सह्याद्रीच्या जोरदार पावसाच्या पट्ट्यात तर असा प्रयोग मुळीच करू नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर उतरला तो पाण्याने जड झालेल्या अशाच उताराचा. घाटमाथ्यावर पाणी सुरक्षितपणे खाली उतरवायचे असते आणि पर्जन्यछायेत ते अडवायचे असते. एकाच नमुन्याचे अंदाजपत्रक दोन्हीकडे लावणे चुकीचे आहे.

समपातळी रेषा आखण्यासाठी गावात ए-आकाराची चौकट करता येते. सात फुटी दोन बांबू वर एकत्र बांधावेत, मध्ये आडवी पट्टी ठोकावी आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडावी. चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करावी. मग पाय उलटसुलट करून त्याच खुंट्यांवर परत उभी करावी आणि दुसरी खूण करावी. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळी. पुढे एक पाय स्थिर ठेवून दुसरा वरखाली सरकवत दोरी मध्यावर आणायची, चुना टाकायचा, पुढे जायचे. वारा असेल तर दोरी हलते, म्हणून हे काम सकाळी लवकर करावे.

ही आखणी मी एकदा घाईने, नजरेच्या अंदाजाने उरकली होती. अडीचशे मीटरच्या चरात एका टोकाला जेमतेम वीतभर उतार राहिला. पहिल्याच वळवाच्या पावसात सगळे पाणी त्या टोकाला धावले, बांध फुटला आणि खाली गुडघाभर खोल घळ पडली. ती बुजवायला दोन उन्हाळे गेले. तेव्हापासून मी चर कितीही बारकाईने आखला तरी दर दहा-बारा मीटरवर हातभर जागा न खणता ठेवतो. एक कप्पा फुटला तर बाकीच्यांचे पाणी त्यांच्यापाशीच राहते.

खणलेली माती चराच्या खालच्या बाजूला, काठापासून वीतभर जागा सोडून टाकावी, नाहीतर ती पहिल्या पावसात परत चरात येते. वरची काळपट माती वेगळी ठेवून शेवटी ढिगावर पसरावी, कारण बी तिच्यातच रुजते. यंत्राने खोदताना नेमके उलटे होते: निर्जीव मुरूम वर येतो आणि माती त्याखाली गाडली जाते. उताराला दगड फार असतील तर सलग रेषेचा हट्ट सोडून दोन-तीन मीटरचे तुटक चर आलटून-पालटून घ्यावेत.

घळी आणि पायवाटा

घळीची दुरुस्ती वरून खाली करत यायची. अनघड दगडी बांध घालताना खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत येईल एवढे अंतर ठेवावे. घळीचा उतार १० टक्के आणि बांधाची उंची पाऊण मीटर असेल तर साधारण साडेसात मीटर. पाया एक फूट खणावा, मोठे दगड खालच्या अंगाला लावावेत आणि बांधाचा मध्य कडांपेक्षा वीतभर खोलगट ठेवावा. मध्य उंच राहिला तर पाणी बगलेने काठ कापून जाते आणि पुढच्या वर्षी बांध घळीच्या मधोमध एकटाच उभा दिसतो. दगड घळीतले किंवा ओहोळातले घ्यावेत. उतारावर मातीत अर्धे रुतलेले दगड उपटू नयेत. त्यांच्या आडोशाला साठलेली चिमूटभर माती हीच त्या जागेची पुंजी असते.

बहुतेक घळी गुरांच्या उभ्या वाटांतून सुरू होतात. वाटेवर काट्यांचे आडवे फांजर टाकून ती नागमोडी वळवली तरी निम्मे काम होते. झऱ्याच्या जागेला कुंपण घालून पाणी नळीने खाली हौदात आणावे. गुरे झऱ्यातच उतरली तर तोंड चिखलाने बुजते. झऱ्याच्या वरच्या माचीवर मात्र चर जरूर घ्यावेत, कारण तिथे मुरलेले पाणीच इथे येते.

बी पेरणे, आणि कुठे पेरू नये

जिथे झुपके शिल्लक आहेत तिथे पेरणी करण्याची गरज नसते. दोन पावसाळे विश्रांती मिळाली की ते आपणच पसरतात. उघड्या पट्ट्यांत आणि चरांच्या ढिगांवर शेडा, पवन्या, अंजन, मारवेल यांचे बी टाकावे. हे बी हलके, केसाळ असते आणि वाऱ्यावर उडते, म्हणून ते शेण आणि चाळलेल्या मातीत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सावलीत वाळवाव्यात. ताजे बी नीट उगवत नाही. मागच्या हंगामात गोळा करून ठेवलेले वापरावे. जोडीला स्टायलो ही द्विदल वनस्पती चांगली, हवेतला नत्र मातीत आणते आणि हलक्या मुरमाडीतही तगते. तिचे बी कठीण सालीचे असते, त्यामुळे जाड वाळूबरोबर पोत्यात घालून चोळून घ्यावे.

झाडे पायथ्याला, ओहोळाच्या काठाला आणि चरांच्या खालच्या बांधावर लावावीत: बोर, बाभूळ, खैर, हिवर. उघड्या माळावर मात्र सरसकट गिरिपुष्प किंवा निलगिरी लावण्याला माझा विरोध आहे. माळ म्हणजे बिघडलेले जंगल नाही. लांडगा, खोकड, चिंकारा, चंडोल ही माळाचीच माणसे आहेत आणि त्यांना उंच झाडांची गर्दी नको असते.

कापणी, वणवा आणि किती गुरे

कुसळीचे पट्टे भाद्रपदात, कुसळे टणक होण्याआधी कापून घ्यावेत, म्हणजे चाराही मिळतो आणि तिचे बीही पडत नाही. चांगल्या गवताचे पट्टे बी झडेपर्यंत राखावेत, आणि मग जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावेत. मार्गशीर्ष-पौषात हद्दीवर तीन-चार मीटर रुंदीचे जाळपट्टे, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, साफ करावेत. गवत पेटवले की नवे जोमाने फुटते ही समजूत गावोगाव आहे. फूट हिरवीगार दिसते हे खरे, पण वणव्यानंतर वळवाचा पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो आणि तिला सोबत घेऊन जातो.

किती जनावरे सोडायची हे अंदाजाने ठरवू नये. आश्विनात एक मीटर लांबी-रुंदीच्या चौकटीतले गवत कापून, कडक वाळवून तोलावे. असे दहा-बारा ठिकाणी करून सरासरी काढावी. चौकटीत १०० ग्रॅम निघाले तर हेक्टरी एक टन. समजा १५० ग्रॅम, म्हणजे दीड टन आले. त्यातले निम्मे मातीसाठी सोडायचे. राहिलेल्या साडेसातशे किलोंत, तीनशे किलो वजनाची गाय रोज सात किलो सुका चारा खाते असे धरले, तर एक हेक्टर एका गाईला सुमारे १०७ दिवस पुरतो. मेंढी किंवा शेळी दिवसाला किलोभर खाते, तेव्हा सात मेंढ्या एका गाईबरोबर धराव्यात. हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवला की पहिल्यांदा गोंधळ होतो. होऊ द्यावा.

चराई उघडताना गायरानाचे चार गट करावेत आणि दरवर्षी एक गट संपूर्ण पावसाळा बंद ठेवावा, आळीपाळीने. जोराच्या सरीनंतर दोन दिवस कुठल्याच गटात गुरे जाऊ नयेत, विशेषतः पायथ्याच्या काळ्या मातीत, जिथे एकेक खूर ओंजळभर खड्डा पाडतो आणि तो तसाच वाळून घट्ट होतो. दरवर्षी नवरात्राच्या सुमारास त्याच रेषांवरून त्याच माणसाने शंभर पावले चालून नोंद करावी आणि दोन डब्यांची परीक्षाही त्याच जागी घ्यावी. गवताखालच्या उताराचा डबा बोरीच्या जाळीतल्या डब्याच्या बरोबरीने रिकामा होऊ लागला की त्या पट्ट्यात नवे चर घ्यायचे थांबवावे.